टोस्टवरचा गिलावा

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि मिस्त्रींच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यात जेमतेम दोन हातांचं अंतर आहे. इमारत बांधणाऱ्याने उजेड यावा म्हणून मधे ती फट ठेवली. उजेड काही तिथून आला नाही, बातम्या मात्र भरपूर येतात. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं म्हणतात. मला वाकायचेही कष्ट नाहीत, सरळ उभा राहिलो तरी सगळं दिसतं. आमची ही म्हणते, "एक दिवस तुमचं नाक त्या गजांत अडकणार आहे." अडकू दे. गेल्या महिन्यात त्या खिडकीतून जे पाहिलं ते नाक गेलं तरी पाहण्यासारखं होतं.

मिस्त्री म्हणजे गिलाव्याचे मिस्त्री. भिंतींना आणि छतांना गिलावा करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. कुणाच्याही घरी गेले की आधी छताला भेटतात, मग माणसांना. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बैठकीच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "कुणी केलंय हे?" डॉक्टर ज्या आवाजात 'कधीपासून दुखतंय?' विचारतात ना, अगदी तोच आवाज. तेव्हापासून त्या भिंतीला टेकून बसायची मला लाज वाटते.

छत ही त्यांची खासियत. वर बघून, मान मोडून, लोण्यासारखं सपाट छत करायचे. पण दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा गेला. "हात खांद्याच्या वर जात नाही आणि छत खांद्याच्या खाली येत नाही," असं ते हसत सांगतात. ऐकणारे हसतात. मग ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसतात. बराच वेळ पुसतात.

वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, गणित उलटं. त्या वर चढत गेल्या. अठरा वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि आता सकाळची पहिली बस चालवतात. पहिली बस कुणाच्याही हाती देत नाहीत. दवाखान्यातल्या नर्सा, बेकरीतली माणसं, झाडूवाल्या, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर चालू होतो. तीन वर्षांत वहिनी एक मिनिट उशिरा आलेल्या नाहीत. त्यांच्या हॉर्नवर आमच्या कोपऱ्यावरचा पेपरवाला घड्याळ लावतो, आणि त्याचं घड्याळ बघून मी दाढीला बसतो.

फक्त एक होतं. सकाळी वहिनींच्या पोटात काही जायचं नाही. अर्धा कप चहा, तोही उभ्याने, की निघाल्या. शेवटी एका सकाळी डेपोत गाडीत चढता चढता त्यांना भोवळ आली आणि त्या पायरीवरच बसल्या. नशीब, स्टिअरिंगवर नव्हत्या. डेपोच्या डॉक्टरांनी तपासलं आणि निकाल दिला. तो निकाल वहिनी त्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रींना सांगत होत्या, आणि मी आमच्या खिडकीत अत्यंत सावकाश वाटाणे सोलत होतो.

"रिकाम्या पोटी गाडी नाही म्हणाले. महिन्याने पुन्हा बघतो, म्हणाले. तेव्हाही रक्तातल्या साखरेचे आकडे असेच खाली आले, तर पासच्या खिडकीवर बसायचं. कायमचं."

"मग पासच्या खिडकीत वाईट काय आहे? सावली असते, पंखा असतो," मिस्त्री म्हणाले.

वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुम्हालाही सांगितलं होतं ना त्या कंत्राटदारानं? छत सोडा, खाली बसून पोरांवर नजर ठेवा, पगार तोच. बसलात?"

माझ्या हातातला वाटाणा तसाच राहिला. पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला, "उद्यापासून सकाळचं खाणं माझ्याकडे."

मी वाटाणा गिळला, तोही कच्चा. अहो, गॅसचं बटण कोणत्या बाजूला फिरतं हे ज्या माणसाला साठीपर्यंत कळलं नव्हतं, तो माणूस न्याहारीचं कंत्राट घेत होता!

पण काम कसं घ्यायचं ते त्यांना पक्कं ठाऊक. आधी गिऱ्हाइकाला विचारलं, "काय जाईल तुला?"

"गरम नको, तेलकट नको, वासाचं नको. गार, आंबटगोड काही असेल तर जाईल. आणि सात मिनिटं असतात माझ्याकडे. पाच वाजता मी दाराबाहेर पाहिजे."

"भाजलेला ब्रेड, मऊ चीज, वर फळं," मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. "म्हणजे भिंत, गिलावा, वर नक्षी. एवढंच ना?"

या 'एवढंच ना'ने आजवर भलेभले बुडवलेत.

पहिल्या दिवशी पहाटेच खडबडाट झाला म्हणून मी खिडकीत आलो. (झोपमोड झाली म्हणून. हिचा विश्वास बसत नाही.) मिस्त्रींनी ब्रेड छान तांबूस भाजला, ताटलीत ठेवला, आणि वाटीत बोटं बुडवून त्याच्यावर सपासप पाणी मारलं.

"मिस्त्री, पाणी कशाला?"

माझ्या अज्ञानाची त्यांना कीव आली. "शेजारीबुवा, कोरड्या भिंतीवर गिलावा धरतो का कधी? भिंत आधी प्यायली पाहिजे. नाहीतर मालातलं पाणी ओढून घेते आणि सगळं पोपडे होऊन पडतं."

भिंत प्यायली. इतकी प्यायली की उचलल्यावर तो टोस्ट ओल्या मोज्यासारखा लोंबायला लागला. वहिनींनी मोज्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. एक सफरचंद पर्समध्ये टाकलं आणि गेल्या. संध्याकाळी ते सफरचंद एका चाव्यानिशी परत आलं.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं. पण गिलावा दोन हातांचा असतो. मिस्त्रींनी चीजचा पहिला हात दिला आणि तो 'ओढून येईपर्यंत' हाताची घडी घालून बसले. वहिनी गणवेश घालून उभ्या. चार पंचावन्न. चार अठ्ठावन्न.

"अहो, देता का?"

"थांब जरा. ओला आहे अजून."

मला राहवलं नाही. "मिस्त्री, दुसरा हात झाल्यावर आठवडाभर पाणी पण मारणार का त्याच्यावर?"

खिडकी धाडकन बंद झाली. वहिनी उपाशी गेल्या. मला दुपारपर्यंत मिस्त्रींनी ओळख दिली नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळं जमून आलं. ब्रेड कडक, चीज सपाट, वर नासपतीच्या चकत्या. वहिनींनी टोस्ट हातात घेतला आणि खात खात जिना उतरायला लागल्या. आमचा चौथा मजला. चीज इतकं गुळगुळीत झालं होतं, की दुसऱ्या मजल्यावर नासपती घसरगुंडीवरून यावी तशी आली, सोबत अर्धं चीज घेऊन, थेट गणवेशावर. वहिनी परत वर, कपडे बदलून धावत खाली. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना डेपोत पोचल्या. ज्या बाईवर घड्याळं लावतात, ती धावत गेली!

संध्याकाळी मी वाटाणेही सोलले नाहीत. नुसताच उभा राहिलो.

"राहू द्या आता. माझं मी बघेन," वहिनी म्हणाल्या.

"माझ्या हातचं काम आजवर कधी पडलेलं नाही."

"आज पडलं. दुसऱ्या मजल्यावर. अजून असेल तिथं, बघून या."

मिस्त्री खरंच बघायला गेले. मी मागोमाग गेलो, तर कंबर वाकवून, जिन्याच्या पायरीवरची ती नासपती उलटी करून, चीज कुठून सुटलं ते पाहत होते. मला पाहून म्हणाले, "ब्रेडला धरलंय हो. फळानं सोडलंय." आणि पहिल्यांदाच त्या तीन दिवसांत त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींची सुट्टी होती, त्या बहिणीकडे गेल्या. मिस्त्रींनी अख्खा ब्रेड आणला आणि कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. बोटाएवढ्या पात्याची थापी. छताच्या कोपऱ्यांतली नक्षी करायची, त्यांच्या उस्तादांनी दिलेली. तासभर लिंबाने घासली, उकळत्या पाण्यात दोनदा बुडवली, प्रकाशात धरली आणि मग हाक मारली, "शेजारीबुवा, भूक आहे का?"

मला भूक आहे का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही.

त्या दुपारी मी अकरा टोस्ट खाल्ले आणि गिलाव्याबद्दल जे शिकलो ते चाळीस वर्षांत शिकलो नव्हतो. मिस्त्री बोलत होते, थापी चालत होती. "माझं चुकलं कुठं? मी ब्रेडला नवी भिंत समजलो. ही नवी भिंत नाही, ही ओल लागणारी भिंत आहे. ओल कुठून येते? फळातून. मग चीज म्हणजे नुसता गिलावा नाही, ओल अडवायचा थर आहे. कडेपर्यंत गेला पाहिजे, कोपरा सोडून चालणार नाही. ओल कोपऱ्यातूनच शिरते."

मी एक कोपरा खाल्ला. बरोबर होतं.

"आणि भाजल्या भाजल्या ब्रेड आडवा ठेवायचा नाही. खालून वाफ धरते, पोट मऊ पडतं. हे असे दोन एकमेकांना टेकवून उभे करायचे, मिनिटभर." दोन टोस्ट तंबूसारखे उभे राहिले. "आता घसरण्याचं. पहिला हात दिल्यावर आम्ही त्याला ओरखडे काढतो, म्हणजे दुसरा हात धरतो. मी काय केलं? मेणासारखं गुळगुळीत केलं. फळ धरणार कशाला?" असं म्हणून त्यांनी काट्याने चीजवर बारीक आडव्या रेघा ओढल्या, नासपतीच्या पातळ चकत्या कौलांसारख्या एकीवर एक बसवल्या, तळहाताने हलकेच दाबल्या आणि टोस्ट सरळ उभा धरला. भिंतीसारखा.

काही पडलं नाही. त्यांनी तो उलटा केला. छतासारखा. तरी काही पडलं नाही.

मिस्त्री त्या उलट्या टोस्टकडे खालून मान वर करून बघत राहिले. खांदा गेल्यापासून त्यांना अशी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. मी काहीतरी टवाळी करणार होतो. तोंडात टोस्ट होता म्हणून वाचलो.

पुढच्या सकाळी वहिनींनी थापी पाहिली. "त्यानं? सिमेंटच्या थापीनं?"

"तुझ्या पातेल्यांपेक्षा स्वच्छ आहे. खा."

खाल्ला. चारही मजले उतरेपर्यंत खाल्ला, आणि खालून त्यांचा आवाज आला, "उद्या दोन करा!" एक घरी, एक डब्यात, शेवटच्या स्टॉपवर खायला. मिस्त्रींना ते पूर्ण काम करायला साडेपाच मिनिटं लागत. मग हात सैल झाला. कधी अंजीर, कधी द्राक्षं अर्धी कापून, कधी केळ्यावर लिंबाचे चार थेंब. चीज डेअरीवालीकडून आणायचे, आणि ते कसं होतं हेही तिच्याशेजारी उभं राहून बघून आले. म्हणाले, "माल कशाचा हे माहीत नसेल, तर तो मिस्त्री कसला?" वहिनींच्या गालांवर रंग आला. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याही गालांवर आलाय." काय करणार, रोज संध्याकाळी वाटीत उरलेलं चीज मिस्त्री खिडकीच्या कट्ट्यावर माझ्यासाठी ठेवायचे. दोन हातांचं अंतर, आणि मला हात दोनच आहेत.

आता मी जे सांगणार आहे ते आमच्या हिच्या दबावाखाली सांगतोय.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर वाटी होती. जरा जास्तच भरलेली होती. पण मिळतंय तेव्हा मोजू नये. मी चमचा घेतला आणि वाटी लख्ख केली. थंडीचे दिवस होते, आणि फ्रिजमधलं चीज थापीला कडक लागतं म्हणून दुसऱ्या दिवशीचं ताजं चीज मिस्त्रींनी रात्रभरासाठी बाहेर कट्ट्यावर ठेवलं होतं, हे मला कुठून ठाऊक असणार?

पहाटे सव्वाचारला खिडकीच्या गजावर थापीचा टणटणाट. "शेजारीबुवा! वाटीतलं चीज कुठंय?"

हिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फक्त एवढं विचारलं, "सगळं?"

"मला वाटलं…"

"तुम्हाला वाटलं! त्या बाईची गाडी जाणार आहे आज तुमच्या जिभेपायी!"

डेअरी सातला उघडते. आत वहिनींच्या बादलीचा आवाज येत होता. मला वाटलं मिस्त्री आता माझ्या सात पिढ्या उद्धरणार. पण मिस्त्रींचा चेहरा एकदम शांत झाला. काम अंगावर आलं की खरे कारागीर शांत होतात.

"वहिनी, दूध आहे?" त्यांनी आमच्या हिला विचारलं.

"लिटरभर."

"लिंबू? मलमलचं फडकं?"

सगळं दोन मिनिटांत खिडकीतून पलीकडे गेलं. दूध आमचं, गॅस त्यांचा, धडधड माझी. दूध वर आलं, लिंबू पिळलं, दूध फाटलं. फडक्यात ओतलं, गार पाण्याखाली धरलं, डाव्या हाताने धरून उजव्याने पिळलं. दुखऱ्या खांद्याला काही विचारलंच नाही. ताटलीत गोळा पडला. मिस्त्रींनी बोटांत चिमूट चोळून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"रवाळ आहे. असं नाही चालणार."

"मिस्त्री, चार चाळीस झाले!"

"झाले तर झाले. रवाळ माल मी आयुष्यात लावला नाही."

चिमूटभर मीठ, दोन चमचे दूध, आणि थापीच्या पाठीने घोटायला लागले. भिंत शेवटी घोटतात ना, तसं. गोल, लांब, पुन्हा गोल. मधेच दात आवळायचे, खांद्यातून कळ जात असणार. मी म्हटलं, "द्या, मी घोटतो." म्हणाले, "तुम्ही आज काहीच हातात घेऊ नका." मान्य केलं. हळूहळू ते रवाळ पांढरं असं झालं, की त्यात दिव्याचं प्रतिबिंब दिसायला लागलं. ब्रेड तंबू करून उभे होतेच. चीज कडेपर्यंत, काट्याच्या रेघा, नासपतीची कौलं. चार छप्पन्न.

वहिनी भांग पाडत बाहेर आल्या. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. टोस्ट उचलला, चावला, थांबल्या.

"आज वेगळं लागतंय."

खिडकीच्या दोन्ही बाजूंना तीन माणसांचे श्वास अडकले.

"कालच्यापेक्षा चांगलं आहे," म्हणाल्या, आणि डबा घेऊन दाराकडे वळल्या. मिस्त्री त्यांच्या मागोमाग चपला घालायला लागले.

"तुम्ही कुठं?"

"काम पास होतंय का बघायला."

मीही निघालो. गुन्हेगाराने निकालाला हजर राहावं, असं हिचं म्हणणं पडलं.

डेपोत लाकडी बाक होता. वहिनी आत गेल्या, आम्ही बाकावर. मिस्त्री समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, "कसं आहे काम?" म्हणाले, "वाईट. पण आज नाव नाही ठेवत." पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. चेहरा रोजचाच, कडक. कागदाची घडी वरच्या खिशात घातली, आमच्याकडे न बघता सरळ चालत गेल्या आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या दारातून चढल्या. आरसा नीट केला. काच खाली करून ओरडल्या, "यायचं असेल तर या! सहाला दार बंद होतं, मग नवरा असो नाहीतर शेजारी!"

मिस्त्री उठून उभे राहिले. तेवढ्यात डॉक्टर दारात आले. "बाईंना खायला कोण घालतं?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"छान चाललंय. आकडे उत्तम आहेत. कुठं शिकलात हे?"

"छतावर," मिस्त्री म्हणाले, आणि डॉक्टरांना तसंच उभं ठेवून आम्ही बस गाठली.

तीन वर्षांत मिस्त्री बायकोच्या गाडीत पहिल्यांदा बसले होते. आधी कामावर असायचे, नंतर खांद्याबरोबर रुसून घरात. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले. पहिल्या स्टॉपवर दोन नर्सा चढल्या. "गुड मॉर्निंग, ताई." बेकरीवाला चढला, त्याने नुसता हात वर केला. वळणावर एक म्हातारी झाडूवाली धावत येताना दिसली. वहिनींनी घड्याळ पाहिलं, तीन सेकंद थांबल्या, तिला घेतलं आणि पुढच्या सरळ रस्त्यावर ते तीन सेकंद वसूल केले. गतिरोधक आला, गाडी त्याच्यावरून मांजर भिंतीवरून जावी तशी गेली. मिस्त्रींनी माझ्या मांडीवर हात मारला. "बघितलंत? सांधा कुठं दिसला का?"

"नाही दिसला."

"चाळीस वर्षं मी हेच केलं," ते हळूच म्हणाले. शेवटच्या स्टॉपपर्यंत त्यांनी चष्मा पुसला नाही.

शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. वहिनींनी इंजिन बंद केलं, डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं. आम्ही दोघं मागून वाकलो. घर सोडल्यापासून पावणेदोन तासांत, तेरा स्टॉप, सात गतिरोधक आणि एक रेल्वे फाटक पार करून आलेला तो टोस्ट. नासपतीची एक चकती जागची हलली नव्हती.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "गिलावा."

"गिलावा कसला? ब्रेक बघा माझे."

"ओरखडे नसते तर गेलं असतं सगळं झाकणाला."

"आणि मी त्या फाटकात कचकन दाबला असता तर तुमचे ओरखडे काय करणार होते?"

"उलटा कर. कर उलटा!"

वहिनींनी टोस्ट उलटा केला. रिकाम्या बसमध्ये आम्ही तिघं मान वर करून खालून त्याच्याकडे बघत राहिलो. मग वहिनींनी त्याचे तीन तुकडे केले. सगळ्यात लहान मला दिला.

"तुमचं कालच खाऊन झालंय ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही असं वाटलं? मलाही ती खिडकी आहे."